राखून ठेवलेली वाट

वृषाली डोक्यावर बसली आहे, असं हौसाबाई संकपाळ चार दिवस येईल-जाईल त्याला सांगत होत्या. चुलत पुतण्याची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली तरी अजून तांदळाची भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, आणि हिनं थोरल्या सासूचा फोन मध्येच तोडावा? हौसाबाई मुंबईच्या लेकाशी बोलत होत्या. तीन मिनिटं झाली आणि गावच्या फोनपेटीनं बोलणं कापलं. वर यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, ‘कृपया इतरांना संधी द्या.’ हौसाबाईंना इतरांना संधी द्यायची सवय नव्हती.

खिरवंडे गाव धरणाच्या पाण्यापलीकडे. समोर पाणी, बाकी तिन्ही बाजूंना जंगल. दोनशे माणसांसाठी मोबाईलचा मनोरा कोण उभारणार? त्यामुळे मागल्या वर्षापर्यंत फोन करायचा तर लाँचनं पलीकडे जावं लागे. मग एका संस्थेनं पिठाच्या डब्याएवढी पेटी आणून देवळामागच्या जांभळीवर बांधली. मोठ्या मनोऱ्यात एकेका कामाला वेगळं महागडं यंत्र लागतं. या पेटीत रेडिओलहरी पकडायच्या, त्यांचं बोलणं करायचं, कुणाला आधी जोडायचं ते ठरवायचं, ही सगळी कामं आज्ञावली करायची. आज्ञावली म्हणजे संगणकाला लिहून दिलेले हुकूम. हुकूम बदलले की पेटीचा स्वभाव बदलला. ते बदलायचा अधिकार गावात एकट्या वृषालीला, कारण बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली तीच. दुसरीतून शाळा सुटलेल्या हौसाबाईंना नेमकं हेच सलत होतं.

त्यात श्रावणातलं धुकं उतरलं. दहा दिवस ऊन नाही, म्हणजे सौरपट्टीला खुराक नाही. एरवी पेटीतून एका वेळी बारा जणांचं बोलणं जायचं. बारा वाटा. बॅटरी खाली गेली तशा तीनच उरल्या. दोन गावाला, माणशी तीन मिनिटं. तिसरी कायम रिकामी.

“ती कुणासाठी ठेवलीस गं? तुझ्या माहेरच्यांसाठी?” पाचव्या दिवशी हौसाबाई वृषालीच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

“आत्याबाई, ती पाण्यावरच्या, म्हणजे लाँचमधल्या दवाखान्याची. कुणाला काही झालं तर लाँच बोलवायला. दवाखान्याचा नंबर तिच्यावरूनच लागतो.”

“कुणाला काय झालंय?”

“आत्ता काही नाही.”

“मग मोकळ्या वाटंवर काय फुलं वाहायची? दिवसभर रिकामी, आन् मी लेकाशी बोलते तर माझं तोंड दाबतीस?”

“शिकवताना त्यांनी, संस्थेच्या लोकांनी, बजावलंय, तिला हात लावायचा नाही म्हणून.”

“त्यांनी! जत्रंला देवीचा पहिला मानाचा विडा कुणाच्या घरात येतो?”

वृषाली ओट्यावरचं पाणी खराट्यानं लोटू लागली.

“तोंड हाय न्हवं तुला?”

“तुमच्या घरात.”

“मग पेटी काय देवीपेक्षा थोर झाली?”

ओट्याखाली चार बायका थांबल्या होत्या. शेलारांच्या घरची एक जण हसली. दुसरा विडा त्यांचा. पहिल्याला मिळालं तर उद्या आपल्यालाही मिळेल, असा तिचा हिशेब. वृषालीनं फोन काढला. मिनिटभर बोटं चालवली. हुकूम बदलला. तिसरी वाट आधी संकपाळांच्या घरची झाली, मग दवाखान्याची; वेळेची अट नाही. जत्रेत विड्याचा क्रम आजवर कुणी मोडला नव्हता, म्हणून पेटीत तो लिहितानाही कुणाला वावगं वाटलं नाही.

गुरुवारी दुपारी हौसाबाई मुंबईच्या सुनेला अळूवड्या सांगत होत्या. डाळीचं पीठ किती, चिंच किती, पान उलटं कसं ठेवायचं. सून “बरं” म्हणत होती, नातू मध्येच फोन ओढत होता. सव्वीस मिनिटं. बऱ्याच दिवसांनी हौसाबाईंचं मन भरलं.

त्याच वेळी गावावरच्या पठारावर, भिवा झोरेच्या धनगरवाड्याखाली, त्याची बायको धोंडाबाई म्हशी वळवत होती. धुक्यात तिला गवा दिसला नाही. गव्यानं तिला शिंगावर घेऊन कारवीच्या झुडपांत फेकलं. भिवानं धावत येऊन कमरेचं उपरणं तिच्या पोटाला घट्ट बांधलं आणि दवाखान्याचा नंबर लावला. ‘वाट मोकळी नाही. कृपया थांबा.’ त्यानं पुन्हा लावला. मग घोंगडीची झोळी करून भावाच्या मदतीनं तो बायकोला घेऊन खाली निघाला. पायवाट घसरडी, दोघांचे हात झोळीत अडकलेले. दोन तास लागले. खाली आल्यावर फोन लागला, लाँच आली, पण पाण्याच्या मध्यावर धोंडाबाई गेली. घरी तीन वर्षांची मुलगी होती.

गाव म्हणालं, गव्यापुढं कुणाचं चालतं?

तिसऱ्या दिवशी वृषाली हौसाबाईंच्या चुलीपाशी येऊन बसली. डोळे सुजलेले.

“आत्याबाई, उद्या संस्थेची माणसं येतायत. पेटी सगळं लिहून ठेवते. कुणी कधी फोन लावला, का लागला नाही, सगळं.”

“काय लिहिलंय?”

“भिवादाजींनी अकरा वेळा लावला. पहिला तीन वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा तिसऱ्या वाटेवर…” ती थांबली.

“बोल.”

“तुम्ही होता. पहिलाच लागला असता तर लाँच ते खाली यायच्या आधी धक्क्याला लागली असती. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणली असती तर करता आलं असतं काहीतरी.”

हौसाबाईंच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. चुलीत ओली लाकडं धुमसत होती.

“मी ते पुसू शकते,” वृषाली खालच्या आवाजात म्हणाली. “तेवढी दुपार काढून टाकायची. पेटीनं काय लक्षात ठेवायचं, तेही हुकमावरच असतं. संकपाळांच्या घराचं नाव कुठं येणार नाही. धुक्यानं पेटी बंद पडली होती, असं दिसेल.”

हौसाबाईंनी फुंकणी खाली ठेवली. मग उठल्या, खुंटीवरचं पावसाचं इरलं घेतलं.

“कुठं निघालात?”

“झोऱ्याच्या वाड्यावर. तू बी चल, ते लिवलेलं घिऊन. वाचून दाखवायचं भिवाला, अकराच्या अकरा येळा.”

“आत्याबाई, ते काय करतील, सांगता येत नाही.”

“करू दे. माझ्या तोंडावर थुकला तरी पुसायची न्हाई मी.” उंबऱ्यात त्या वळल्या. “आन् तू ऐक, वृषाली. धोंडीचा जीव माझ्या माजानं गेला, ते माझ्या माथ्यावर. पर मला ती वाट रिकामी दिसत हुती, तुला तर ठावं हुतं ती कुणाची हाय. मला भिऊन दिलीस. आज मला भिऊनच पुसाय निघालीस. असल्या भित्र्या हातात सगळ्या गावाचा आवाज दिलाय गं. मी आज हाय, उद्या न्हाई. पर माझ्यापरीस मोठ्या घरचा कुणी उद्या तुझ्या ओट्यावर येऊन वरडला, तर तवा तू त्याला न्हाई म्हणशील?”