पिवळा फुगा

“फुगा म्हणजे बालपण नव्हे, बाई. फुगा फोनसाठी असतो.”

मेहरेजनं हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. विदाद हसली होती. त्या हसण्याचा आवाज तिला अजून ऐकू येतो.

ऑक्टोबरातली शनिवारची दुपार. ट्युनिशियातल्या केरकेना बेटावरून स्फॅक्स शहराकडे निघालेल्या बोटीच्या डेकवर ती निबंध तपासत बसली होती. बेटावरच्या शाळेत लागून तिला जेमतेम महिना झाला होता. वर्गात पाठ चालला होता मोठं होण्याच्या गोष्टींचा. प्रत्येक पात्राला तीन प्रश्न विचारायचे, असं ती मुलींना शिकवायची... हिला काय हवंय, आड काय येतंय आणि त्यापायी ती काय गमवायला तयार आहे? मग स्वतःची गोष्ट लिहायची. प्रतिमा वापरून.

वाऱ्यानं एक कागद उडवला आणि एका सपाट, ओल्या चपलेनं तो दाबून धरला.

“अहो! माझ्या विद्यार्थिनीच्या गोष्टीवर पाय देताय!”

“नाहीतर माशांनी वाचली असती,” चपलेचा मालक वाकून कागद उचलत म्हणाला. “आणि मासे मार्क फार कमी देतात.”

उन्हानं रापलेला चेहरा, भुवईवर मिठाचा पांढरा कण. विदादनं हात पुढे केला, पण तो वाचतच राहिला. वाचता वाचता त्याचं हसू हळूहळू मावळलं.

ती गोष्ट रिहाबची होती. तिसऱ्या बाकावरची सतरा वर्षांची रिहाब. तिची नायिका घर सोडून समुद्र ओलांडते. सोबत अर्धा किलो खजूर, भाजलेले बदाम, आईची लोकरी टोपी... आणि एक पिवळा फुगा. समासात विदादनं लाल शाईनं लिहिलं होतं, ‘निसटत्या बालपणाचं प्रतीक. सुंदर!’

तेव्हाच तो, म्हणजे मेहरेज, फुग्याचं ते वाक्य बोलला.

“पाणी लागू नये म्हणून फोन फुग्यात घालतात, वर गाठ मारतात,” तो म्हणाला. “इटलीला चोरून निघालेली पोरं. माझ्या कुंपणात असे तीन अडकलेत.”

उथळ समुद्रात खजुरीच्या फांद्या रोवून माशांसाठी कुंपण घालायचं, हा त्याच्या घराण्याचा धंदा. मासे भरतीबरोबर आत शिरतात, त्यांना बाहेरची वाट सापडत नाही. मासेच नव्हे, बाकीचंही पुष्कळ काही.

“गोष्ट आहे हो ती. कल्पना!” विदाद हसली.

“कल्पनेत खजूर वजन करून नेतात?”

“त्याला तपशील म्हणतात.” तिनं कागद ओढून घेतला. शहरातल्या बाईची फिरकी घेतोय, दुसरं काय! “तुम्ही मासे बघा. प्रतीकं मी बघते.”

त्यानं मान तुकवली. पण स्फॅक्सचा धक्का येईपर्यंत तो समोरच उभा राहिला, तिच्याकडे येणारा वारा अडवून.

पुढच्या शनिवारी तो बोटीवर पुन्हा होता. त्याच्या पुढच्याही.

“स्फॅक्सला एवढं काय काम असतं तुमचं?”

“मासे विकायचे असतात.”

“टोपली कुठंय?”

“अरेच्चा... विसरलो वाटतं.”

ती हसली की तो समुद्राकडे बघायचा. जणू हसवण्याचं श्रेय समुद्राचं.

“मला एखादी उपमा द्या ना, बाई,” तो एकदा म्हणाला. “फुकट नको. दोन माशांच्या बदल्यात.”

“तुम्ही...” ती थबकली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. “तुम्ही वारा नसताना फडफडणाऱ्या शिडासारखे आहात.”

“वारा नाही असं कुणी सांगितलं?” तो हळूच म्हणाला.

निघताना मात्र तो दर वेळी विचारायचा, “त्या मुलीशी बोललात?”

एकदा बोलली ती. मधल्या सुट्टीत रिहाबला थांबवून म्हणाली, “फुग्याची कल्पना कशी गं सुचली?”

रिहाबनं तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. “तुम्हाला काय वाटलं, बाई?”

“बालपण... हो ना?”

पोरगी हसली. “हो बाई. तेच.”

विदादनं वीसपैकी अठरा दिले.

नोव्हेंबरातल्या शनिवारी समुद्र तेलासारखा शांत होता. मेहरेज कठड्याला टेकून म्हणाला, “बाई, मला प्रतीकं येत नाहीत. सरळच विचारतो. माझ्याशी लग्न कराल?”

“सोमवारी सांगते,” ती म्हणाली. उत्तर तर तेव्हाच ओठांवर होतं, पण दोन दिवस ते एकटीनंच चाखायचं होतं तिला.

सोमवारी तिसरा बाक रिकामा होता.

दुपारी रिहाबची आई शाळेत आली. हात मिठानं फाटलेले, हातात तो कागद. “बाई, उशीखाली सापडला. मला वाचता येत नाही. तुम्हीच वाचा.”

विदाद वाचू लागली. खजूर. बदाम. टोपीपाशी आईनं नकळत स्वतःच्या डोक्याला हात लावला. शेवटचं वाक्य होतं, ‘आई उठेल तेव्हा मी मोठी झालेली असेन.’

“आणि हे लाल?” आईनं समासावर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय तुम्ही?”

विदादला ते वाचावंच लागलं. सुंदर, या शब्दासकट.

कागदाची घडी घालून आईनं तो छातीशी धरला आणि ती निघून गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

रिहाब ज्या नावेतून गेली, ती कुठल्याच किनाऱ्याला लागली नाही. फोन आला नाही. मेहरेज कुंपणं तपासत राहिला, स्वतःचं आणि शेजाऱ्यांचंही. लग्नाचं उत्तर त्यानं मागितलं नाही. दर शनिवारी शाळेच्या फाटकाशी यायचा, दोनच शब्द बोलायचा. “पिवळा नाही.” मग दोघं रिहाबच्या आईकडे जाऊन तिलाही तेवढंच सांगायची. ती चहा ठेवायची.

हिवाळा सरला. एका शनिवारी फाटकाशी विदादनं त्याची ओली बाही धरली.

“उद्याही येऊन सांगाल?”

“रोज सांगेन.”

त्याच्या मागणीला तिचं उत्तर म्हणजे तो प्रश्नच होता. त्याच उन्हाळ्यात ती त्याच्या घरी आली. बिनवाजंत्रीचं लग्न.

आता त्यांची मुलगी चार वर्षांची आहे. गोष्ट सांगताना ती अध्येमध्ये गप्प झाली, तरी विदाद हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाऊन बसते. पहाटे मेहरेज समुद्रावर जातो, ओल्या पायांनी परततो आणि दारातूनच म्हणतो, “पिवळा नाही.” दुसरी माणसं या जागी दुसरं काहीतरी म्हणत असतील. विदादला एवढं पुरतं.

मुलीच्या वाढदिवसाला मात्र त्या घरात फुगे आणत नाहीत.

हे वाचून झालं की जरा उठा. पलीकडच्या खोलीत कुणी मुलगी वही घेऊन बसली असेल, तर तिच्या भाषेचं कौतुक नंतर करा. आधी जवळ बसा, आणि गोष्टीतली मुलगी कुठे निघालीय, ते विचारा. ती हसून ‘तेच’ म्हणाली, तरी उठू नका.