आखाजीचं लाल कडं

या, बसा असे सावलीला. उन्हं कलेपर्यंत एक गोष्ट सांगतो. फार जुनी नाही, मनगटावर कडी आल्यानंतरचीच आहे. आपल्या शालिग्रामच्या जीपमध्ये घडली. खोटी वाटली तर अर्ध्यात उठून जा, मी काही धरून ठेवणार नाही.

आधी कडी कशापायी आली ते ऐका. ठिपक्या ताप आला त्या वर्षी नियम कागदावर निघायचे. हा ताप मोठ्या माणसाला आठ दिवस लोळवतो नि सोडून देतो, पण पोटातल्या जिवाला खातो, म्हणून सरकार घाबरलेलं. त्यात आखाजी आली, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. आखाजीला खानदेशातली लेक माहेरी जाणार म्हणजे जाणार! सकाळी निरोप आला, बाहेरून येईल त्यानं सात दिवस घरात बसायचं. दुपारी त्याचे तीन झाले. जिल्हा म्हणे या, गाव म्हणे वेशीवर थांबा. एक जावई तर दोन गावांच्या मधल्या नाल्यात दीड दिवस बसून होता. अलीकडचे परत घेईनात, पलीकडचे आत घेईनात.

मग कोण्या शहाण्यानं हे कडं काढलं. रबराचं, बांगडीएवढं. घाम चाखतं, नाडी बघतं, अंगातली गरमी बघतं. शेजारी कोण बसलंय, पुढं कोणाला भेटणार, त्यांच्या कड्यांनाही विचारतं. सगळ्याचा मेळ घालून मग सांगतं. हिरवं झालं की जा, लाल झालं की थांब. म्हणजे सगळ्यांना एक नियम नाही, ज्याचा नियम त्याच्या मनगटावर. लोक म्हणाले, मिटला घोळ. मिटतो कशाचा! आता नवरा हिरवा नि बायको लाल. माहेरी निघालेल्या लेकीचं कडं लाल झालं की सासू म्हणायची, "बघ, यंत्रालापण कळतं."

शालिग्राम साठीचा. शाळा चौथीपर्यंत. पण काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोणाला कुठं बसवायचं, या विद्येत जळगावच्या स्टँडावर त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. नऊच्या जागी चौदा माणसं बसवायचा नि चौदाही जण त्याच्यावर खूश. ताप त्याला होऊन गेलेला, त्यामुळं त्याचं कडं कायम हिरवंगार.

यंदा आखाजीच्या दिवशी सकाळी जीप भरली, तर एका गुरुजींचं कडं लाल. गुरुजींचं नाक गळत होतं. त्यांच्या बाजूला पाच महिन्यांची एक सून. शालिग्रामनं गुरुजींना उठवून मधल्या बाकावर, मांडीवर घागर घेतलेल्या कोकिळाबाईशेजारी बसवलं. तरी लालच. मग मागं, म्हातार्‍या दगूबाईजवळ. झालं हिरवं!

"आता मला उठवशील का टपावर?" दगूबाई ओरडली. जन्मभर दाईचं काम केलेली बाई, आवाज कसा, अख्ख्या गल्लीला जाग आणणारा.

"टपावर हिरवी दिसलीस तर टपावर बसवीन, मावशी."

जीप हसली. शालिग्रामला मात्र चाळा लागला. वाघ, शेळी नि गवताचं कोडं असतं ना, होडीतलं, तसं त्याला वाटायला लागलं. सुनेजवळ गुरुजी का लाल ते त्याला कळलं. कोकिळाबाईजवळ का लाल, ते काही उमगेना. असेल जागेचा गुण, म्हणून त्यानं गाडी काढली.

गिरणाकाठानं एकेक जण उतरत गेला. निंबादेवळीच्या फाट्यावर राहिल्या दोघी, दगूबाई नि कोकिळाबाई. कोकिळाबाई पस्तिशीची, जळगावात डाळमिलीत कामाला. बापाची एकुलती एक. बाप कार्तिकात गेला. आपल्याकडं वर्षभरात माणूस गेलं की आखाजीला त्याच्या नावानं नवी घागर भरतात नि एकाला पितर म्हणून जेवायला बसवतात. मायनं फोनवर सांगितलं होतं, "घागर तूच भर कोके, तुझ्याशिवाय त्यांचं आहे कोण?" मांडीवर लाल मातीची कोरी घागर धरून ती आली होती.

वेशीवर सरकारी खांब, येणार्‍याच्या कड्याशी बोलणारा. खांब बोलला, "कोणाच्या घरी?"

"दयाराम महाजनांच्या. मी लेक त्यांची."

कडं थरथरलं नि लालबुंद झालं.

"असं कसं? जळगावात विचारलं तर गावासाठी हिरवं म्हणालं!" कोकिळाबाईनं कडं पुसलं, फुंकर मारली, पदरात गुंडाळून पुन्हा काढलं. लालच. "भाऊ, आज जर मी गेले नाही तर माझ्या बापाची घागर कोरीच राहील हो."

"रडू नको ताई. हे बेणं विचारल्याशिवाय सांगत नाही. आपण विचारत जाऊ." शालिग्रामनं इंजिन बंद केलं. "विचार, ओट्यावर बसू का?"

लाल.

"अंगणातल्या लिंबाखाली?"

हिरवं.

"आता विचार, माय घरात नसली तर घरात जाऊ का?"

हिरवं!

कोकिळाबाईचा हात थांबला. "म्हणजे माझ्या मायलाच काही झालंय?"

"थांब, मी विचारते." दगूबाईनं आपलं कडं तोंडाजवळ नेलं. "ए, मी जाऊ का त्या घरी?" हिरवं. शालिग्रामनं विचारलं. हिरवं. दोघांनाही ताप होऊन गेलेला.

"मग मलाच का नाही?" कोकिळाबाई कड्यावर ओरडली. "मी काय एवढी नाजूक आहे? पन्नास किलोचं पोतं उचलते मी!"

कडं शांतपणे बोललं, "कारण सांगण्याची मला परवानगी नाही. कृपया डॉक्टरांना भेटा."

शालिग्रामच्या डोक्यात तेव्हा गुरुजी उभे राहिले. पाच महिन्यांच्या सुनेजवळ लाल. कोकिळाबाईजवळ लाल. दगूबाईजवळ हिरवं. पण बाईमाणसाला हे पुरुषानं विचारायचं कसं? तो खाली उतरला, चाकाला उगीच लाथ मारून पाहिली, नि दगूबाईला बाजूला बोलावून हळूच सांगितलं.

दगूबाई परत आली ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "कोकिळे, मागच्या महिन्यात बाजूला बसलीस का गं?"

"उन्हाळ्याचं मागंपुढं होतं, मावशी. लग्नाला अकरा वर्षं झाली. मी आता दिवस मोजत नाही."

"मग मोज."

तिनं बोटांवर मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. मग घागर पोटाशी गच्च धरली. शालिग्रामनं मान फिरवली.

"तिसरा महिना लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही," दगूबाईनं दोघांनाही शपथ घातली. "मायलापण नाही. लवकर बोललं की दृष्ट लागते."

लिंबाखाली पोचले तर तुळसाबाई, म्हणजे कोकिळाबाईची माय, उंबर्‍यात उभी. दंड खाजवत होती. "अशी परक्यावानी काय उभी? ये ना आत!"

"माय, कडं लाल आहे."

"माझं तर परवापासून लाल आहे. आग लागो त्याला, मी फेकूनच देते. बापाची पहिली आखाजी, नि लेक झाडाखाली उभी राहणार? गाव काय म्हणेल?" ती कडं ओढायला लागली.

कोकिळाबाईचं पाऊल पुढं पडलं. एक, दोन. कडं जोरात थरथरायला लागलं. दगूबाईनं तिचा पदर मागून धरला.

"वहिनी," शालिग्राम मध्येच बोलला, "हातावर काय उठलंय?"

"घामोळं आहे. उन्हाळाच केवढा!"

"मलाही घामोळंच वाटलं होतं. आठ दिवस उठलो नाही."

तुळसाबाईनं दंडाकडं नीट पाहिलं. "ताप आहे म्हणतोस? मग तू कसा आत येतोस?"

"मला होऊन गेला. दगूबाईलाही."

"होऊन गेला नाही तरी काय बिघडतं? आठ दिवसांचं दुखणं. शेजारची मंजुळा कालच येऊन गेली, तिला कुठं होऊन गेलाय? तिचं तर हिरवं होतं. मग माझ्या धडधाकट पोरीलाच काय..."

बोलता बोलता बाई थांबली. तिनं लेकीकडं पाहिलं. लेकीनं मान खाली घातली. दगूबाई आभाळात घार शोधायला लागली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही बरं का, शपथ मोडली नाही.

तुळसाबाईनं कडं पुन्हा नीट मनगटावर बसवलं. दाराची एक फळी लावून घेतली नि फटीतून ओरडली, "कोके, तिथंच थांब! एक पाऊल पुढं टाकलंस तर तंगडं मोडीन!" ओरडत होती नि रडत होती, नि मध्येच हसत होती.

कोकिळाबाईनं अंगणाबाहेरच्या नळावर घागर भरली. शालिग्रामनं ती आत नेली नि दयाराम महाजनांच्या नावानं तोच पितर म्हणून पाटावर बसला. आमरसाच्या तीन वाट्या रिचवल्या लेकाच्यानं. म्हणतो, माझ्या जन्मात एवढा मान कोणी दिला नव्हता.

पण गाडी परत काढताना वेशीच्या खांबाजवळ तो थांबला. तिच्या आधी तिच्या कड्याला कळलं. कड्यानं खांबाला सांगितलं. उद्या कोणी मोठा माणूस खांबाला विचारेल, या गावात कोण कोण दोन जिवांची आहे, तेव्हाही खांब म्हणेल का, की सांगण्याची मला परवानगी नाही? शालिग्रामनं त्या खांबाला खूप विचारून पाहिलं. त्यानं फक्त हिरवा दिवा दाखवला.

आता दगूबाईची शपथ शालिग्रामनं माझ्याजवळ मोडली नि मी तुमच्याजवळ. तिसरा लागायला अजून अकरा दिवस आहेत. एवढं करा भाऊ, तोवर तरी कोणाजवळ बोलू नका.