दुसरी फ्लॉपी

जुन्या सामानाच्या दुकानात एकच चालती फ्लॉपी ड्राइव्ह होती, आणि तिच्यावर एकदमच दोन हात पडले.

"आधी मी बघितली," ती म्हणाली.

"बघितली असेल. धरली मी."

"कशाला हवीय? वर फुलदाणी ठेवायला?"

तो चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा. हसला की स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरायचा. अडखळत त्यानं सांगितलं – एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे, फुकट, हौशी लोक मिळून बनवतात. जुन्या कॉम्प्युटरवर ती फ्लॉप्यांवरून चढावी, एवढं काम दोघं-तिघं बिनपगारी बघतात. त्यातला मी...

"म्हणजे मेलवरचे 'चष्मिस' ते तुम्ही? माझी कोडमधली दुरुस्ती दोनदा परत पाठवणारे?"

"अरे देवा... तुम्ही 'टाचणी'?"

ड्राइव्ह तिच्याकडे गेली. त्याच्या घरची अजून कुंथत चालायची, तिची पार गेली होती. ड्राइव्हमागोमाग तोही तिच्या घरी गेला, दोन फ्लॉप्यांवरची नवी आवृत्ती तपासायला. पहिली फ्लॉपी गुण्यागोविंदानं चालली. दुसरी घातली आणि तो पाणी प्यायला आत गेला. पडद्यावर सगळं नीट उमटत होतं. तिच्या मनात आलं – झालं, आता हा निघणार...

तिनं मशीनच बंद केलं.

"दुसरी वाचली जात नाही हो."

"नवीन करून आणतो. परवा?"

परवा आला. पुढच्या आठवड्यातही आला. दर वेळी दुसरी फ्लॉपी बिचारी नापास, आणि त्याला नेमकी तेव्हाच तहान. आई दारातून म्हणायची, "याहून लवकर लोकांची लग्नं लागतात गं!" तो कानापर्यंत लाल.

मग प्रकल्प सांभाळणाऱ्या काकांचा मेल आला. फ्लॉपीवरून सिस्टीम चढतच नसेल, तर उद्या हा भाग काढून टाकतो.

कुणाकुणाची जुनी मशीनं अडून राहणार, तिच्या एका लबाडीपायी! आणि सांगावं, तर हा पुन्हा पायरी चढेल का?

संध्याकाळी तो आला, फ्लॉपी घातली आणि सवयीनं उठला.

"बसा ना," ती म्हणाली. "ती... चालते. पहिल्या दिवसापासून. मीच बंद करत होते. तुम्ही यावं म्हणून—"

त्यानं चष्मा काढून पुसला.

"माहीत आहे."

"काय?"

"तू नापास केलेली प्रत्येक मी घरी चालवून बघायचो. पहिल्या दमात चालायची."

"मग बोलला का नाहीत?"

"मग नवीन कुठल्या तोंडानं आणली असती? आज तू गप्प राहिली असतीस, तर मीच काकांना सांगणार होतो. इतकं पाणी जन्मात प्यालो नाही मी."

तिला हसू आवरेना. मग एकदम थांबली. "तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"परत घेऊ?"

"घेऊन तर बघ!"

सिस्टीम चढली. काकांना कळवलं, लगेच उत्तर आलं – 'वा! फ्लॉपी राहिली. पण दोष होता कुठे?'

ती घुटमळली. त्यानं तिच्या खांद्यावरून वाकून एका बोटानं टाइप केलं – 'मशीनमध्ये नव्हता. पुढची आवृत्तीही आम्हीच तपासू.' 'आम्ही'पाशी बोट जरा रेंगाळलं.

आतून आईचा आवाज आला, "आज पाणी नको का रे?"

"नको, काकू," तो म्हणाला. "आज बसतो."