पहिल्या नगाचा शिक्का

श्रेयाला मिळवायचा होता एक कागद, सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपचा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो कॉलेजात दिला तर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. नाही दिला तर एक वर्ष घरी, फुलंब्रीला. आणि घरी बसलेल्या पोरीला आठ दिवसांत स्थळं येऊ लागतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शहाण्या पोरांनी मार्चमध्येच जागा धरल्या होत्या. ही जूनच्या शेवटी चिकलठाण्यातल्या बाराव्या कारखान्याच्या गेटवर उभी.

तिथं आधीच एक जण होता. हातात तसलीच फाईल.

"तुमचं कितवं गेट?" त्यानं विचारलं.

"बारावं. तुमचं?"

"सतरावं. म्हणजे मी सीनियर. आधी मी जाणार."

"जा की. 'नाही' ऐकायची मला काय घाई नाय."

तो हसला. गारखेड्याचा शिवराज.

सुपरवायझर वैजनाथकाकांनी दोघांकडं पाहिलं. "पगार नाही. खुर्ची एकच आहे. चालेल?"

"चालेल!" दोघंही एकदम म्हणाली.

एका खुर्चीवर दोघं आळीपाळीनं बसू लागली, की खुर्ची गार होत नाही. उठताना शिवराज ती रुमालानं पुसायचा. "बसा मॅडम, गरम करून ठेवलीय."

"इथं पंखा नाय. गार करून ठेवत जा."

काम साधं होतं. सकाळी मशीनवरून उतरलेला पहिला नग मापायचा. बरोबर निघाला, तर कार्डावर 'ट्रेनी'चा शिक्का मारायचा. मगच पुढचे नग सुरू. शिक्का दोघांत एकच. फक्त माप घेण्याआधी गेज, म्हणजे मापाचा काटा, शून्याला लावून घ्यायचा. त्या कामाची ती आंघोळच. ती केल्याशिवाय नगाला शिवायचं नाही.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी शिवराज दारातून आत आला... केसांवर पावसाचे थेंब, आणि तिच्याकडं बघणं जरा जास्तच लांबलेलं. श्रेयानं मान खाली घातली, नग मापला, शिक्का मारला. गेज शून्याला लावायचा राहिला. आदल्या पाळीनं तो वेगळ्याच नगासाठी लावलेला होता.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनशे नग भंगारात.

"शिक्का कुणी मारला?" काकांनी विचारलं.

श्रेयानं तोंड उघडलं — पण आवाज शिवराजचा आला. "मी."

"उद्यापासून येऊ नको. कागदबिगद विसर."

खोटं कशाला बोलायचं, पहिल्यांदा तिला सुटल्यासारखंच वाटलं.

संध्याकाळी बस थांब्यावर तिनं विचारलं, "का केलंस?"

"मला एक वर्ष परवडतं. स्थळं काय मला येत नाहीत."

"खरं सांग."

"आता तेही मीच सांगू?..." तो रस्त्याकडं बघत राहिला. "आवडतेस. म्हणून."

बस आली. श्रेया चढली नाही. मागं वळून थेट कारखान्यात गेली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "मग कागद त्याला. तुला नाही. खरं बोललीस म्हणून नग परत येत नाहीत, पोरी."

"व्हय, काका."

गेटबाहेर शिवराज भडकला होता. "पागल आहेस का? मी कधी बोलून दाखवलं असतं का?"

"नसतं. म्हणून तर."

"म्हणजे?"

"तुझ्याकडं बघितलं की मला आधी तुझं गेलेलं वर्ष दिसलं असतं... मग तू."

"आणि आता?"

"आता नुसता तू."

 

शिवराज शेवटच्या वर्षाला गेला. फुलंब्रीत महिनाभरात तीन स्थळं आली. तिन्ही वेळा श्रेया नाही म्हणाली, आणि तिसऱ्यांदा वडिलांना कारणही सांगितलं. तेव्हापासून वडील तिच्याशी बोलत नाहीत. वर्षाची किंमत तिनं भरली, वडिलांच्या अबोल्याचीही तिनंच भरली. शिवराजला भरायला तिनं काही ठेवलंच नाही. आणि सगळ्यांत जड त्याला तेच गेलं.