हिप्परग्याच्या पाण्यात सोडलेली वायर

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, असं मकदूमचाचांनी आधीच सांगून टाकलं आणि चहाची बशी तोंडाला लावली. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दुपारची वेळ. पुढ्यात शाळेच्या शकुंतलाबाई बसलेल्या. रविवारी सातवीच्या मुलींना हिप्परगा तलावात सिद्धारामाच्या बोटीतून फिरवायचं की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बोट चाचांनी तपासली होती, म्हणजे हो किंवा नाही एवढंच उत्तर. पण चाचांकडे हे दोन शब्द कधीच सुटे मिळत नाहीत.

बोट फायबरची, पांढरी, मागं इंजिन. काठाजवळ ती अगदी शहाण्यासारखी वागायची. हॉर्न वाजायचा, दिवा लागायचा. तलावाच्या मधोमध गेली की सगळं एकदम बंद. आणि दरवेळी त्याच जागी. सिद्धारामानं बॅटरी बदलली, फ्यूज बदलले, स्विचही बदलले. शेवटी वल्हं मारून मारून दंड भरून आले, तेव्हा त्यानं चाचांना गाठलं. चाचांच्या हातून आजवर एकही गाडी बंद पडलेली परत गेली नव्हती, हे अख्ख्या पेठेला ठाऊक. ठाऊक नसेल त्याला चाचाच सांगतात.

तर चाचा गेले. मधोमध पोचल्यावर इंजिन गप्प झालं, तसे ते खूशच झाले. बिघाड समोर आल्याशिवाय सापडणार कसा? बॅटरीवर मीटरनं साडेबारा व्होल्ट दाखवले. स्विचच्या पट्टीवर शून्य. म्हणजे निगेटिव्ह वायरीत घोळ. ती चाचपत चाचा मागं सरकले आणि हसायलाच लागले. आधीचा कारागीर ट्रकवाला. ट्रकमध्ये निगेटिव्ह लोखंडी सांगाड्याला आवळली की काम झालं. फायबरच्या बोटीत लोखंड कुठलं? पठ्ठ्यानं वायरीचं टोक सोलून सरळ पाण्यात सोडलं होतं.

चाचांनी वायर वर ओढायला घेतली.

हात-दोन हात निघेल असं वाटलं होतं. दहा हात निघाली. वीस हात निघाली. पायाशी काळं, निथळतं वेटोळं साचलं, शेवाळाचा वास सुटला, तरी टोक येईना. एवढी वायर आपण आणलीच नव्हती, असं सिद्धाराम पुटपुटला.

मग वायर ताठ झाली.

चाचांनी दोन हिसके दिले. बोटीवरचा दिवा दोनदा लुकलुकला. स्विच बंद होता.

चाचांनी हात थांबवला.

खालून तीन हिसके आले. दिवा तीनदा लुकलुकला.

"सोडा की, चाचा," सिद्धाराम हळू आवाजात म्हणाला. "लई खोल हाय हितं."

इथं चाचांनी बशी खाली ठेवली आणि आवाज चढवला. सोडतो तो मकदूम कसला! पक्कड काढली आणि वायर कापून टाकली. बॅटरीपासून नवी वायर ओढली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. तलावाला तीन फेऱ्या मारल्या, आणि तिसऱ्या फेरीत सिद्धाराम गाणं म्हणत होता, अशी पुस्तीही जोडली. मुलींना बेलाशक न्या, बाई.

शकुंतलाबाईंच्या चहावर साय धरली होती.

"बाकी सगळं मी खरं मानते, चाचा," त्या म्हणाल्या. "पण वायर तुम्ही कापली नाही. ते खोटं आहे. मी आत्ता तिकडूनच आले. सिद्धारामानं बोट काठावरच्या बाभळीला तीन दोरांनी बांधलीय. वारा अजिबात नव्हता. तिन्ही दोर तलावाच्या दिशेनं ताणलेले होते."