तिसरी टकटक

जुनं घर घ्यायचं, डागडुजी करायची, रंग फासून नवं म्हणून विकायचं, हा त्याचा धंदा. बाजारात त्याला सगळे 'वैद्य' म्हणत, कारण घर बघायला गेला की तो आधी भिंतींची नाडी बघे. हातोडीच्या दांड्याने दोनदा ठोकायचं आणि कान लावायचा. भरीव आवाज आला तर भिंत धडधाकट. पोकळ आला तर आत विटा ढिल्या झालेल्या. दोनच ठोके. तिसऱ्याची गरज त्याला कधी पडली नव्हती.

त्या दुपारी तो साध्याच कामाला गेला होता. एका बैठ्या घराची दुरुस्ती संपत आली होती आणि रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं, तान्हं मूल असलेलं एक जोडपं. गवंडी बाहेर ओट्यावर डबा खात होता. मागच्या खोलीत ताज्या रंगाचा वास कोंडला होता. खिडकी बंद असल्याने भर दुपारीही कोपऱ्यात अंधार साचला होता. वैद्याने सवयीने भिंतीवर ठोकलं.

ठक. ठक.

आवाज पोकळ आला. तो चमकला. ही भिंत तर पहाडासारखी होती, ते त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि मग, श्वास घ्यायला लागावा तेवढ्या वेळाने, भिंतीच्या आतून हळूच आलं...

ठक.

"तू ठोकलंस का रे?" त्याने ओट्यावर येऊन विचारलं.

"माझे हात भाजीत आहेत, साहेब," गवंडी म्हणाला. तरी तो उठून आला, त्याने स्वतः ठोकून पाहिलं आणि हसला. "दगड आहे दगड. ऊन लागलं वाटतं तुम्हाला."

वैद्याने पुन्हा ठोकलं. पोकळ. मग आतून तिसरा ठोका. गवंडी शेजारीच उभा होता, पण त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "आता... ऐकलंस?" वैद्य कुजबुजला. गवंड्याने नकारार्थी मान हलवली.

त्याने भिंत फोडायला लावली. नव्या रंगाची माती झाली. आत ओळीने घट्ट विटा होत्या, एक उंदीर शिरेल एवढीही फट नव्हती. गवंड्याने वैद्याकडे जसं पाहिलं, त्याने वैद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ही भिंत पोकळ आहे, असं चार महिन्यांपूर्वी वैद्याने स्वतःच सांगितलं होतं.

हे घर एका म्हाताऱ्या मावशींचं. त्यांना अजिबात ऐकू येत नसे. कोणाला काही सांगायचं असलं की त्या एक वही पुढे करत. वैद्याने त्यांच्यासमोर हीच भिंत ठोकली, खणखणीत भरीव आवाज ऐकला, तोंड वाकडं केलं आणि वहीत लिहिलं: पोकळ. कधीही कोसळेल. मावशींनी भिंतीवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला. "मला तर घट्ट लागते रे," त्या म्हणाल्या. "पण तुला कान आहेत. तू म्हणतोस तर असेल." घर त्याच्या पदरात निम्म्या किमतीत पडलं. त्या रात्री तो चवीने जेवला होता. आता ते आठवलं की तो ताट सारून उठे.

भिंत पुन्हा बांधली, पुन्हा रंगवली. तरी त्याने ठोकलं की उत्तर यायचंच. आपलं खोटं मावशींना सांगून टाकल्याशिवाय ह्या घरात मूल खेळवायला कोणाला पाठवायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि घर विकल्यावर मावशी ज्या भाच्याकडे राहायला गेल्या होत्या, त्याच्याकडे तो शनिवारी सकाळी गेला.

"मावशी गेली की," भाचा म्हणाला. "महिना झाला. या, बसा."

वैद्य खुर्चीच्या कडेवर टेकला.

"तुमची फार काळजी करायची," भाचा पुढे म्हणाला. "तुम्ही सांगितल्यापासून घर सोडेपर्यंत ती त्या खोलीत झोपलीच नाही. स्वयंपाकघरात सतरंजी टाकून बसून राहायची. इथे आल्यावर एकच धोशा, 'अरे, त्या भल्या माणसाच्या अंगावर तर नाही ना पडली भिंत?'"

वैद्याला त्याच्याकडे बघवेना. त्याने नजर फिरवली. कोनाड्यात ती वही होती.

"चहा टाकायला सांगतो," म्हणून भाचा आत गेला.

हाक मारून सांगायचं होतं. त्याऐवजी तो उठून कोनाड्याकडे गेला. त्याने वही उघडली, आपलं अक्षर शोधलं आणि त्याखाली घाईघाईने लिहिलं: भिंत भरीव होती. मी खोटं बोललो. शाई वाळायच्या आत वही मिटून त्याने जागेवर ठेवली. भाचा चहा घेऊन आला तेव्हा दोघं हवापाण्याचं बोलले. दुसऱ्या कोणाला कळणार नाही अशा जागी आपण कबुली लपवून आलो, हे त्याला रस्त्यावर आल्यावर कळलं. तरी तो मागे वळला नाही.

रविवारी त्याने ठोकलं. भिंत भरीव वाजली आणि आतून काही आलं नाही. जोडप्याला घर आवडलं. 'सुटलो,' तो मनात म्हणाला.

महिन्याभराने तो दुसरं एक घर बघायला गेला. मालक तरुण होता, चुणचुणीत आणि तिखट कानाचा. वैद्याने हातोडी उलटी धरली. ठक. ठक. भिंत उत्तम होती. त्याने सवयीने तोंड वाकडं केलं, आणि जुना शब्द अगदी ओठांवर आला.

तेवढ्यात मालकाने हात वर केला. त्याचा चेहरा उतरला होता.

"थांबा..." तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही दोनदाच ठोकलंत ना?"