बाइंडरचं टेबल

दार लोटून घ्या आणि बसा. दिवा राहू दे तेवढाच, जास्त उजेड आता डोळ्यांना सोसत नाही. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये नको.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या एका मित्राच्या बाबतीत घडलं, शाळेपासूनच्या. फोटोग्राफर होता तो. पण माणसांचे फोटो काढायचा नाही, वस्तूंचे काढायचा. बाटल्या, बूट, फळं, कपबश्या. म्हणायचा, "वस्तू बऱ्या. ऐन वेळी डोळे मिटत नाहीत आणि पोट आत ओढत नाहीत."

त्याची तऱ्हा न्यारी होती. खोलीत मिट्ट काळोख करायचा, कॅमेरा स्टँडवर लावून त्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा, आणि स्वतः काळे कपडे घालून, हातात बोटाएवढी टॉर्च घेऊन टेबलाभोवती फिरायचा. टॉर्च जिथे फिरेल तेवढंच फोटोत उमटतं. रंगाऱ्याने ब्रश फिरवावा तसा तो उजेड फिरवायचा. पुठ्ठ्यात खिडकीचे गज कापून मागून टॉर्च मारली, की भर रात्री टेबलावर सकाळचं ऊन! कपातून वाफ हवी, तर गरम पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा कपामागे लपवायचा. तो स्वतः मात्र फोटोत कधी दिसायचा नाही. आम्ही त्याला काजवा म्हणायचो.

काजव्याची बायको फार दिवस अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं त्याने केलं. ती गेली आणि त्याची झोपच उडाली. घर खायला उठतं, म्हणायचा. मिळेल ते काम घ्यायचा, रात्र कशीतरी घराबाहेर निघावी म्हणून. डोळे खोल गेलेले, खांदे उतरलेले. आम्ही सांगून थकलो, "अरे, जरा पाठ टेक." तो नुसतं हूं म्हणायचा.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार होता. संध्याकाळी त्याला एका नर्सचा फोन आला. तिचे वडील पुस्तकं बांधायचे, बाइंडर होते. आदल्या थंडीत वारले. मुलीची बदली झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी घर रिकामं करून द्यायचं होतं.

"काका," ती म्हणाली, "बाबांचा एक धड फोटो नाही माझ्याकडे. कॅमेरा दिसला की मान फिरवायचे. निदान त्यांच्या टेबलाचा काढून द्या. उद्या ते टेबलही जाईल. आत्ताच उठून आत गेलेत, असं वाटलं पाहिजे."

"ऊन हवं का?"

"हो. सकाळीच बसायचे ते."

तिला रात्रपाळी होती. तो तिच्या घरी पोचताच चावी हातात देऊन ती गेली. काजवा एकटाच राहिला.

बाकी घर बांधून झालेलं. खोकी, गुंडाळलेल्या गाद्या. फक्त पुढच्या खोलीतलं टेबल आणि खुर्ची तिने हलवली नव्हती. टेबलावर दोरा ओवलेली सुई, कागद दुमडायची हाडाची पट्टी, आणि खळीचा ब्रश, वाळून खडखडीत झालेला. मैद्याची खळ असते ना, पुस्तकं चिकटवायची, ती. शेजारी त्यांचा चष्मा आणि एक अर्धवट बांधलेलं पुस्तक. काजव्याने चष्मा उघडून पुस्तकावर ठेवला. कप ठेवला, कपामागे बोळा. खुर्ची जराशी तिरकी केली, माणूस नुकताच उठल्यासारखी. खिडकीला चादर लावली. दिवा बंद केला. कॅमेरा उघडला आणि टॉर्च फिरवू लागला.

पहिला फोटो छान आला. वाफ, चष्म्यावरची तिरीप, भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली. फक्त त्या गजांमध्ये एक काळा डाग होता.

आपलंच कोपर मध्ये आलं असणार, असं त्याला वाटलं. झोप नसली की हात ताब्यात राहत नाहीत. त्याने पुन्हा काढला.

डाग तिथेच. आता जरा स्पष्ट. एक उतरता खांदा. एक वाकलेली मान.

काजवा विचार करत बसला. अरे, टॉर्च ज्याच्या हातात, त्याची सावली पुढच्या भिंतीवर पडेलच कशी? मग म्हणाला, खुर्चीची पाठ असेल. त्याने खुर्ची उचलली आणि पार दाराबाहेर नेऊन ठेवली. दार लावलं. पुन्हा काळोख.

कॅमेरा उघडला. पुठ्ठ्यामागे टॉर्च धरली.

आणि आवाज आला… कर्र…

लाकडी खुर्चीवर कुणी बसलं की येतो तसा. दाराबाहेरून नाही. टेबलापाशी.

टॉर्च हातातच होती. वळवली असती तर दिसलं असतं. त्याने नाही वळवली.

थोडा वेळ काहीच नाही. मग कागदावरून पट्टी फिरल्यासारखं… सर्र… सर्र…

पळावंसं नाही वाटलं का? मीही हेच विचारलं त्याला. तो म्हणाला, "पळायला अंगात त्राण तर पाहिजे ना! आणि खरं सांगू? त्या खोलीत कुणीतरी काम करत होतं. कित्येक महिन्यांत माझ्या शेजारी कुणी नुसतं काम करत बसलं नव्हतं."

काळोखाकडे बघूनच तो हळूच म्हणाला, "बाबा… मुलीला फोटो हवाय तुमचा. एकदाच. मान फिरवू नका."

सर्र… थांबलं.

काहीच आवाज नाही.

श्वाससुद्धा नाही.

तरी त्याने टॉर्च खाली घेतली नाही. मनात आकडे मोजत राहिला. मोजता मोजता डोळे कधी मिटले, त्याला कळलं नाही. भिंतीला पाठ लावून, उभ्या उभ्या, डुलकी लागली. किती वेळ… कोण जाणे. जाग आली तेव्हा टॉर्च विझली होती. खाली ठेवलेली. उभी. नीट.

सकाळी नर्स आली. त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेवटचा फोटो दाखवला. टेबल, वाफ, कोवळं ऊन. आणि उन्हात, भिंतीवर, बसलेल्या माणसाची सावली. एका बाजूने तोंड. कपाळ, चष्मा, नाक, हनुवटी. सगळं लख्ख.

ती किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काका… ही सावली कशी केलीत?"

"पुठ्ठा कापून," काजवा म्हणाला. दुसरं काय सांगणार बिचारा?

"नाक अगदी बाबांचंच आलंय," ती म्हणाली आणि तिथेच खोक्यावर बसून रडायला लागली. वडील गेले तेव्हाही ती रडली नव्हती म्हणे. नर्स ना, सगळ्यांना धीर देण्यातच दिवस गेले होते.

तिथून काजवा थेट माझ्याकडे आला. ह्याच खोलीत, तू बसलीयेस ना बाळ, तिथे खाट होती. काठावर बसून त्याने मला हे सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला. "झोप रे आता," मी म्हटलं. आणि खरंच झोपला की! बूटसुद्धा न काढता, कुशीवर, लहान मुलासारखा घोरायला लागला.

मी पांघरूण घालायला वाकलो. काळा शर्ट होता अंगात. उजव्या खांद्यावर काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं, चुना लागलाय भिंतीचा. झटकायला हात लावला…

चुना नव्हता. चार बोटं होती, पुढे छातीकडे आलेली. अंगठा मागे, पाठीवर. कुणी मागे उभं राहून खांदा थोपटावा तशी.

मी बोटाने चाचपून बघितलं. चिकट लागलं.

खळ होती. मैद्याची.

अजून ओली.